आगरदांड्याच्या धक्क्याची नोटीस

मुरूड, ता. ९ फेब्रुवारी १९३१

तीर्थस्वरूप भाऊमामांचे चरणी भाचा विश्वंभर याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे (तुमच्या भाचेसुनेचा, श्यामलेचा, अबोला सोडून, तो का, ते पुढे येईल). तुमचा दमा कसा आहे? सोबत सुपारी धाडली आहे, सोसेल तेवढीच खा.

मामा, कचेरीत मला तुम्ही चिकटवलेत आणि सरकारी मराठीही तुम्हीच शिकवलीत, म्हणून आधी तुमच्याच कानी घालतो: ती मराठी मी सोडली. आगरदांड्याचा होडीचा धक्का पार खाडीच्या टोकाला न्यायचा बेत निघाला. हरकत असल्यास सोमवारी हजर राहावे, ही नोटीस इंग्रजीतून मराठीत आणायचे काम माझ्याकडे आले. तुमच्या वळणाने लिहिले असते तर, 'प्रचलित जलमार्गव्यवस्थेचे स्थलांतर योजिले असून हितसंबंधी इसमांनी' वगैरे. (मागे असलाच मजकूर तुकारामाने दवंडी पिटून पुकारला, तेव्हा लोकांनी हात जोडले आणि एका म्हातारीने नारळ फोडला.) त्या वेळी हरकतीला कुणी फिरकले नाही. साहेबांनी शेरा मारला, प्रजा संतुष्ट आहे.

या खेपेस मी लिहिले, 'बायांनो, धक्का लांब नेणार आहेत. डोक्यावर पाटी घेऊन तेवढे चालायचे नसेल तर सोमवारी कचेरीत येऊन सांगा.' तुकाराम घसा फाडून ओरडला. सोमवारी सोनाबाई कोळीण अख्खा मासळीबाजार घेऊन आली, पाट्यांसकट. साहेब नाकाला रुमाल लावून खुर्चीवर चढले (खाली बोंबील सांडले होते). धक्का आहे तिथेच राहिला!

आता साहेब म्हणतात, सरकारी भाषेला वजन हवे. लेखी माफी माग, नाहीतर घरी बस. मी म्हटले, साहेब, बायांच्या डोक्यावर वजन पुरेसे आहे. माफी मागणार नाही. पोटावर पाय आला तरी नाही. तुमच्या शिकवणीवर पाणी पडले याचे वाईट वाटते, नोटिशीचे मुळीच नाही.

आपला हट्टी भाचा,
विश्वंभर

ता. क. श्यामला भिंतीकडे बघून म्हणाली, हट्टाची भाकरी होत नाही. तेव्हा मामा, माफीचा मसुदा तुम्हीच तुमच्या भारदस्त मराठीत लिहून धाडा. साहेबांना वाटावे मागितली, सोनाबाईला वाटावे नाही मागितली.

आणखी ता. क. मसुदा नको. पत्र टपालात टाकायचे राहिले होते, तेवढ्यात सोनाबाई दारात आली. म्हणाली, "कारकूनदादा, मापी मागलीस तं आमच्या होडीत पाय ठेवायचा न्हाय. आमाला पयल्यांदा कोनी इचारलं हाय." मी राजीनामा देऊन आलो. एका ओळीत लिहिला, साहेबांना लगेच समजला. श्यामला आता बोलते आहे, ट्रंक कुठली घ्यायची म्हणून. तुमच्या गिरगावच्या खोलीत दोघांना पथारी टाकायला जागा आहे की नाही, एवढे मात्र साध्या मराठीत कळवा.