अक्काताईंचं विरजण

३ जून
कोल्हापूर! मंगळवार पेठेत खोली मिळाली, आणि खोलीला स्वतंत्र संडास! लोक खिडकी बघतात, मी आधी संडास बघते. मोठ्या आतड्याला सूज असलेल्या बाईचा तोच देव्हारा. मालकीण अक्काताई एकट्याच, आवाज मात्र गल्लीभर. जेवण त्यांच्याकडेच. बँकेतली बदली एकदाची फळली म्हणायची.

६ जून
डॉक्टरांनी मागे समजावलं होतं: आतड्यात कोट्यवधी जिवाणू घरच्यांसारखे नांदतात. माझ्या शरीराचे पहारेकरी त्यांनाच चोर समजून बडवतात, त्यात आतडं सोलून निघतं. गोळ्या पहारेकऱ्यांना आवरतात. आता पुन्हा रक्त पडलं तर आतडं काढायचं. सात वर्षं झाली. वीट आलाय मला या पोटाचा.

अक्काताईंना पथ्य सांगितलं तर म्हणाल्या, गोळ्या कसल्या गिळतीस, आमचं दही खा की! सासूच्या सासूपासनं विरजण मोडल्यालं न्हाय. आधीच्या भाडेकरणीचं, सौंदर्याचं पोटाचं दुखणंही म्हणे यानंच थांबलं.

१४ जून
दही गोड आहे. फ्रीजमधून काढलं तरी कोमट लागतं. कळ नाही, रक्त नाही. आठ दिवस गोळ्या बंद, तरी पहारेकरी गप्प! डॉक्टर फोनवर चिडले. चिडू देत.

२१ जून
भूक फक्त दुधाची. दिवसाला दोन लिटर. बँकेत टेबलावरच झोपले. पोटावर हात ठेवला तर ऊन लागतं, बाकी अंग गार.

२३ जून
रक्ताचा रिपोर्ट. सूज नाही. पांढऱ्या पेशीही जवळजवळ नाहीत. पहारेकरी गप्प बसले नव्हते, उरलेच नव्हते. डॉक्टर म्हणतात, आजच दाखल व्हा. जिना उतरवेना. उद्या.

२४ जून
सौंदर्या आता कुठे असते, विचारलं. अक्काताई म्हणाल्या, गेली की. तुझं विरजण तिच्यातनंच काढून ठेवल्यालं व्हतं. गाडग्यात चार दिस टिकतंय, माणसात लई दिस टिकतंय.
भीती वाटते. उठवत नाही.

२५ जून
फोन सापडत नाही. खालून बोलणं ऐकू येतं — नवी मुलगी, स्नेहल. तिचंही पोट —
अक्काताई जिना चढतायत. गाडगं घासून आणलंय, कोरडं.
सात वर्षांत पहिल्यांदाच काही दुखत नाही. याचंच वाईट वाटतं.
स्नेहल, ते दही —