मधल्या दाराला तेल नको

ती. आईस,
इथूनच तुझ्या पायांशी बसते.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीत सकाळचं ऊन येतं.

वॉर्डात सध्या दुखणं थांबवायची इंजेक्शनं पुरत नाहीत. येतात ती ऑपरेशनसाठी राखून ठेवावी लागतात. एका आजींचा पाय भाजलाय, त्यांचं ड्रेसिंग मात्र रोज करावंच लागतं. पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की मला काही सुचेना. मग मी तापात असताना तू मला डोळे मिटायला लावून मनानंच मामाकडे न्यायचीस ना, तसंच म्हटलं, "आजी, डोळे मिटा. आमच्या घरी जाऊ."

तेव्हापासून आम्ही रोज येतो. मधलं दार कुरकुरतं. पायाखाली फरशी गार लागते. तू ओट्याशी पाठमोरी उभी असतेस. तोवर मी हळूहळू पट्टी सोडवते.

काल आजी म्हणाल्या, "आई तुझी भारी मानी गं! पाहुणी आली तरी वळून बघत नाही."

"कामात असते हो ती."

"असू दे. मी थांबते."

आणि ओठ चावून थांबल्या. दुखतं गं त्यांना, आई. घर म्हणजे काही औषध नव्हे.

तुझ्या प्रेशरच्या गोळ्या मिळतात ना? पुरवायच्या म्हणून अर्ध्या तोडून घेत नाहीस ना? खरं सांग.

दादा मधल्या दाराला तेल घालणार आहे म्हणालीस. इंजेक्शनं येईपर्यंत थांबव त्याला. त्या कुरकुरीवरूनच आजींना कळतं, आपण पोचलो.

तुझ्याच ओट्यापाशी घुटमळणारी,
धाकटी