पांढरा कपडा आणि सहावी खुर्ची

दि. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. टपालाच्या थैलीतून ते मीच माझ्या विमानातून आणलं आणि मलाच पत्ता नव्हता. आईला सांगा, जेवते वेळेवर.

रोजचं काम विचारलंत म्हणून लिहिते. विमानाला चाकांच्या जागी दोन लांबट पोकळ होड्या आहेत, त्यांना फ्लोट म्हणतात. त्यांत पाणी झिरपतंच, ते सकाळी मी आणि मिस्त्री हातपंपाने उपसतो. मग प्रवाशांना एकेक करून काट्यावर उभं करते. काट्याखालची फळी मधल्या धक्क्यावरच्या सुताराने करून दिली आहे, एक इंचही डुगडुगत नाही. बायका वजन मोठ्याने वाचू देत नाहीत, म्हणून मी वहीत लिहून पान झाकते.

इथे नदी आहे, रस्ता नाही. वरच्या टोकापासून शहरापर्यंत होडीने नऊ तास, माझ्याकडून चाळीस मिनिटं. वरच्या धक्क्यावर रेडिओ आहे आणि तो सांभाळणारी बाई अख्ख्या नदीची मावशी आहे. मधल्या धक्क्यावर रेडिओ नाही. तिथे प्रवासी असला की बांबूला पांढरा कपडा बांधतात. जागा असली तर मी उतरते. नसली तर पंख डावी-उजवीकडे हलवून पुढे जाते, म्हणजे उद्या बघू. आजवर तशी वेळ दोनदाच आली.

आता मुद्द्याचं. कंपनीचे साहेब येऊन गेले. ही सेवा परवडते का ते त्यांना ठरवायचं आहे. महिनाभर दर फेरीत किती खुर्च्या भरल्या ते बघणार. सहांपैकी सरासरी चार भरल्या नाहीत तर पावसाळ्याआधी विमान इथून हलवणार आणि मला ऑफिसात बसवणार. सध्याची सरासरी अडीच आहे. बाबा, मला इथून जायचं नाही. तुम्ही तीस वर्षं बस डेपोत कंट्रोलर होतात. अशा मार्गांचं काय करायचात?

तुम्ही इकडे येणार नाही हे ठाऊक आहे. पाण्यावर उतरणाऱ्या वस्तूवर तुमचा भरवसा नाही. तरी विचारून ठेवते.

लोभ असू द्या, त्याचं वजन मी धरत नाही.

तुमची,
भिंगरी


दि. १३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पाच दिवस उशिरा आलं. वाहतूक खात्यातल्या मुलीकडून ही अपेक्षा नव्हती. तुझ्या आईचा निरोप असा की नुसतं वेळेवर नको, पोटभर जेव.

माझा भरवसा पाण्यावर नाही, असं नाही. पाणी आणि हवा या दोन्हींवर एकाच वेळी ठेवायला जमत नाही. लहानपणी एका जागी बसशील तर शपथ, अशी तू. तेव्हाच नाव बदलून ठेवायला हवं होतं.

तू विचारलंस म्हणून एक हकीकत सांगतो. आमच्या डेपोतून डोंगरामागच्या शेवटच्या गावाला संध्याकाळची एक बस जायची. दोन-तीन प्रवासी असायचे. वरून हुकूम आला, आठवडाभर मोजा आणि कळवा. गावाला कुठून तरी सुगावा लागला. मग काय, अख्खं गाव पाळीपाळीने बसने फिरायला लागलं. म्हातारे काय, लेकुरवाळ्या काय, बस ओसंडून वाहिली. मोजदाद झाली आणि बस वाचली. माणसांना आपली गाडी हवी असेल तर ती राखता येते, एवढंच मला म्हणायचं आहे.

कोमट पाणी पीत जा. आम्हा दोघांची माया आहेच, ती उशिरा पोचत नाही.

तुझे,
बाबा


दि. २४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही काय करून ठेवलंत याची तुम्हाला कल्पना नाही. तुमची हकीकत मी मावशीला हसत हसत सांगितली. मावशी हसली नाही. तिने डोक्याला फडकं बांधलं आणि रेडिओवर बसली. दुसऱ्या दिवशी वरच्या धक्क्यावर रांग.

आता रोज सहाच्या सहा खुर्च्या भरतात. एक आजोबा शहरात पोचले, खाली उतरले नाहीत, त्याच खुर्चीवर परत आले आणि शहर बरं आहे म्हणाले. एक बाई जिच्याशी सात वर्षं अबोला होता त्या नणंदेकडे जाऊन आली. अबोला तसाच आहे, पण विमान आवडलं म्हणाली. मावशीने पाळ्या लावून दिल्या आहेत आणि कुणी चुकलं तर घरी जाऊन फैलावर घेते. मिस्त्री म्हणतो, आयुष्यात पहिल्यांदा काट्याला घाम फुटला.

या आठवड्याची सरासरी साडेपाचवर गेली आहे. मनातून थोडी टोचणी होती, खोटं नाही बोलत. पण कुणी फुकट बसत नाही, वहीत खोटं नाव नाही, मग बिघडलं काय, असं मीच मला समजावलं. बाबा, मी खूश आहे.

आईला नमस्कार. अशाच हकिकती सांगत राहा.

तुमची,
भिंगरी


दि. २ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे.

परवा दुपारी वरून सहा जण भरून निघाले. मधल्या धक्क्यावर पांढरा कपडा दिसला. बांबूला बांधलेला नव्हता, कुणीतरी हातात धरून हलवत होतं. मला वाटलं, वारा पडलाय म्हणून हलवताहेत. मी पंख हलवले आणि पुढे गेले. मागच्या खुर्च्यांवरच्या लोकांना ते इतकं आवडलं की त्यांनी टाळ्या वाजवल्या.

खाली, नंतर कळलं, त्या गावची नर्स उभी होती, सुताराला घेऊन. करवतीत त्याचा उजवा हात सापडला होता. त्यांनी होडी काढली. शहरात पोचायला सहा तास लागले. डॉक्टरांनी दोन बोटं काढली. तीन-चार तासांत आला असता तर कदाचित राहिली असती, असं ते म्हणाले. कदाचित हा शब्द मला दोन दिवस सोडत नाही.

त्या फेरीत माझ्या विमानात सहा माणसं होती. खरं काम एकट्या दूधवाल्याचं होतं. बाकीचे पाच जण माझी नोकरी वाचवायला बसले होते. मी विमान उतरवलं असतं तर पाचही जण हसत खुर्च्या सोडून खाली उतरले असते, बाबा. उतरायचं मला सुचलंच नाही, कारण विमान भरलं होतं आणि भरलेलं विमान बघून मला बरं वाटत होतं.

मी दवाखान्यात जाऊन सुताराला भेटले. तो रागावला नाही. काट्याची फळी अजून डुगडुगत नाही ना, एवढंच विचारलं. रागावला असता तर सोपं गेलं असतं.

साहेब बारा तारखेला वही बघायला येणार. सरासरी उत्तम आहे. तुमच्या त्या गावात असं काही झालं होतं का? त्यांनी काय केलं?

तुमची,
भिंगरी


दि. ७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. आज पहाटेपासून टेबलाशी बसलो आहे.

ती हकीकत मी तुला पूर्ण सांगितली नाही. गाव बसने फिरलं, ते खरं. ओसंडून वाहिली, तेही खरं. पण मोजणारा मीच होतो. तिसऱ्या दिवशी तेच तेच चेहरे दिसले आणि माझ्या लक्षात आलं. मला वाटलं, हे मला फसवताहेत. मी त्या सगळ्यांवर काट मारली आणि खरे प्रवासी दोन, असं लिहून पाठवलं. बस बंद झाली.

त्या दोघांतल्या एक बाई त्या गावच्या शाळेत शिकवायच्या. डेपोच्या गावी त्यांची आजारी आई होती. शाळा सुटली की त्या परतीच्या बसने आईकडे येत. बस गेली, वर्षभरात बाईंनी शाळा सोडली. मग शाळाही मिटली. हे मला पुढे कुणीतरी सहज सांगितलं. तेव्हापासून मी हकीकत सांगताना बस वाचवतो. तुझ्या आईलाही तशीच सांगितली आहे. इतक्यांदा सांगितली की मलाही ती तशीच आठवायला लागली होती. तुझ्या पत्राने तसं राहू दिलं नाही.

माझा आकडा बरोबर होता, पोरी. मी डोकी मोजली. कोण कशासाठी चाललंय हे एकालाही विचारलं नाही. त्याला वेगळा रकाना नव्हता, असं मी म्हणायचो. रकाना आखायला पट्टी माझ्याच टेबलावर होती.

साहेबांना सगळं सांग. पाळ्यांचं सांग, माझ्या पत्राचं सांग, सुताराचं सांग. त्याने विमान जाईल, कदाचित तूही जाशील. मी तुला सल्ला देण्याच्या लायकीचा उरलो नाही, पण बाप आहे म्हणून लिहितो. वहीत एक रकाना वाढव.

तुझा,
बाबा


दि. २१ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

वहीत रकाना आखला. त्यावर लिहिलं, कशासाठी. महिन्याच्या सगळ्या फेऱ्या मी आणि मावशीने आठवून आठवून भरल्या. मावशीने नावापुढे नाव घेऊन 'उगाच' सांगितलं आणि मी लिहिलं. तिने डोळे पुसले, पण एकही लपवलं नाही. खरी सरासरी भरली अडीचच.

साहेबांनी वही वाचली. मी कपड्याचं, पंखांचं, टाळ्यांचं सगळं सांगितलं. मग धक्क्यावर जमलेल्या लोकांतून सुतार उठला. हाताला अजून पट्टी आहे. मी पहिल्यांदाच कुणाचे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण बदलायची हिंमत नाही: "साहेब, तुम्ही भरलेल्या खुर्च्या मोजता. मला त्या दिवशी रिकामी हवी होती."

काल निर्णय आला. पाचाऐवजी आठवड्याला तीन दिवस उडायचं. मिस्त्री अर्धा वेळ दुसऱ्या नदीवर. साहेबांनी विचारल्यावर आरोग्य खात्याने सहावी खुर्ची वर्षभरासाठी भाडं भरून राखून ठेवली आहे, मधल्या धक्क्यापर्यंत ती रिकामी न्यायची असा लेखी नियम. आणि कपडा दिसला की उतरायचंच, हा माझा नियम. वर्षानंतरचं कुणी सांगत नाही, मीही विचारलं नाही. मी राहते आहे.

त्या रिकाम्या खुर्चीची फळी सुताराने डाव्या हाताने घासून दिली. थोडी तिरकी झाली आहे.

तुमच्यावर मी रागावले होते, चार दिवस. आता नाही. तुम्ही लिहिलं नसतंत तर मीही कधीतरी ही हकीकत विमान वाचवूनच सांगितली असती.

आईला नमस्कार. तुमची माया मला भरल्या विमानातही लागते.

तुमची,
भिंगरी


दि. ३० मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईला बसची खरी हकीकत सांगितली. ती म्हणाली, मला ठाऊक होतं, बाई कुठे गेल्या ते बाजारात सगळे बोलायचे. एवढी वर्षं मला बस वाचवू दिली तिने.

पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला शहरात पोचतो. अकरा तारखेच्या फेरीत माझं नाव घाल. वजन अडुसष्ट किलो, चपला धरून. पिशवी चार किलो, त्यातलं तीन तुझ्या आईचं. मोठ्याने वाचलंस तरी चालेल.

सहाव्या खुर्चीवर बसवू नकोस. जाता-येता कधीही कपडा दिसला आणि जागा कमी पडली तर आधी मला उतरव. मी धक्क्यावर बसून राहीन, पुढच्या फेरीला ने. मला थांबायची सवय आहे, डेपोत आयुष्य गेलं.

आणि त्या रकान्यात माझ्यापुढे 'उगाच' लिहू नकोस. मुलीला बघायला, असं लिही.

तुझा,
बाबा