पांटल्याखालचा कोंबडा

इब्रामपूर,
४ नोव्हेंबर २०२४

चि. गौरवीस अ. उ. आ.

तुझ्या बाबाचा गुडघा वाकतो का? आईचा खोकला गेला? आणि तू, सदा त्या संगणकापुढे, जेवतेस तरी का? मी ठणठणीत आहे.

तू केलेला विमानयुद्धाचा खेळ शेजारच्या साईशने फोनवर दाखवला. एकसष्टचा डिसेंबर म्हणे, आणि आपल्या गावावर दोन्हीकडच्या विमानांची झुंज! खाली आग, बायका किंचाळत पळताहेत. अगो बाये, पोर्तुगिजांचे लढाऊ विमान गोव्यात होतेच कुठे? मी तेव्हा आठ वर्षांची. आपले विमान आले, घरघरत गेले. सगळी माणसे अंगणात माना वर करून उभी! भीती एकच. कोंबडा आरवला की वैमानिकाला वर ऐकू जाते, गाव सापडतो, असे कुणीतरी सांगितलेले. म्हणून आईने कोंबडा बांबूच्या पांटल्याखाली, त्या मोठ्या टोपलीखाली, झाकला आणि स्वतः वर बसली. साऱ्या वाड्यावर तेच. माझी आई किंचाळली नव्हती गो. तिला किंचाळायला लावू नकोस.

तुझी आजी,
कमलाक्षी

डिचोली,
१२ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

बाबांचा गुडघा कुरकुरतो, आईचा खोकला गेला, मी जेवते.

तुझे पत्र खेळ बनवण्यातला माझा जोडीदार प्रज्योत याला वाचून दाखवले. तो म्हणाला, शत्रूच नसेल तर खेळणार कोण? कोंबड्याला कुणी बक्षीस देते काय? आम्ही भांडलो. शेवटी मी शत्रूची सगळी विमाने पुसून टाकली. आता वैमानिकाने खाली नीट बघायचे आणि कुणाला इजा न करता गाव ओलांडायचे. नव्या खेळांची म्हापशाची स्पर्धा पुढच्या शनिवारी आहे. हरलो तर आमची जोडी फुटलीच म्हणून समज.

तुझी आई त्या दिवशी कुठल्या रंगाचे लुगडे नेसली होती? लोभ आहेच, तो वाढव.

तुझी,
गौरवी

इब्रामपूर,
२५ नोव्हेंबर

चि. गौरवीस अ. उ. आ.

पहिला नंबर! अगो, मी तिथेच होते, शेवटच्या रांगेत. साईशने गाडीवरून नेले, तुला न सांगता. खेळणारा मुलगा बटणावर बोट ठेवून शत्रू शोधत होता. आभाळ रिकामे. मग त्याने खाली पाहिले आणि पांटल्यावर बसलेली माझी आई दिसली. मुलाने बोट उचलले. विमान गेले, आई उठली, कोंबडा असा आरवला की लोक उभेच राहिले! सगळ्यांत मोठी शिट्टी कुणाची? तुझ्या प्रज्योतची. त्याला सांग, देतात हो कोंबड्याला बक्षीस.

लुगड्याचे कळवले नाही, कारण खरेच आठवत नव्हते. तू तांबडे नेसवलेस. आता डोळे मिटले की आई तांबड्यातच दिसते. तेवढे तुझे खोटे माझ्याकडे राहू दे.

दोघे जेवायला कधी येता ते लगेच लिही. कोंबडा नाही हो शिजवणार, त्याचा मान आता मोठा.

तुझी आजी,
कमलाक्षी