पायावरचा तीळ

ताई,

धाकट्याचा नमस्कार. मी मजेत आहे, मशीनवरून उठायला फुरसत नाही. तुझी कंबर कशी आहे?

तू म्हणायचीस ना, याच्या पायावर तीळ आहे, हा घरात टिकायचा नाही? तो तीळ वाढल्यासारखा वाटला म्हणून मागे मी त्याच्या मापाचा कागद कापून ठेवला होता. शिंप्याची खोड. काल लावून पाहिला, तर तीळ एका बाजूने कागदाबाहेर आलाय. कड वेडीवाकडी, रंगही दोन झालेत.

दुकानाचा मालक म्हणतो, "दुखत नाही ना? मग सोड." पण माझा जीव थाऱ्यावर नाही. उद्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवतोय. आईला इतक्यात सांगू नकोस.

त्यांनी तो काढूनच टाकला, तर मी घरात टिकेन ना गं?

तुझा,
धाकटा