माळाच्या वाटंवरचं काटं

तीर्थरूप आयेला उंब्रजच्या उसातनं नानासोचा दंडवत.

आमी समदी बरी हाय. मेंढरंबी बरी हायती. फोन पावसात भिजून बंद पडला, म्हणून गावाकडं निघालेल्या मल्हारमामाच्या हाती चिठ्ठी देतोय.

दिवाळी झाली तरी हितं पाऊस थांबंना. ऊसतोड रखडली, मग मोकळं रान कुठलं? लालासाहेबांनी खतासाठी मेंढरं त्यांच्या रानात बसवली खरी. आता म्हणत्यात, "ओलं रान तुडवलं तर वाळल्यावर दगड व्हईल, उद्या हला." चारी बाजूला ऊस, पलीकडं हायवे. मेंढरांना काय पंख लावू?

काळ्या तोंडाची मेंढी जरा लंगडतीया. म्हंजी तिच्यासंगं आणिक बी हायती, चिखलानं खुरं कुजल्यात. तू काळजी करू नगंस.

तुझं गुडघं कसं हायती? आपल्या माळावरच्या गवतानं बी धरलं का? औंदा तिकडं पाऊस लय उशिरा झाला, बी अजून हिरवंच असंल. वाटंवर लावलेलं बाभळीचं काटं तसंच राहू दे. खालच्या वाडीनं बी पडायच्या आधीच माळ चारला, अन् एका पावसात माती वाहून मुरूम उघडा पडला. तूच दावलंस न्हवं मला?

उद्या आमी तिकडंच निघतोय. दुसरी वाट न्हाई. माळाजवळ आल्यावर उपाशी मेंढरं वरडतील. मी तुझ्या पाया पडंन, काटं काढ म्हणंन.

काढू नगंस, आये.

तुझाच लेक,
नानासो