विहिणीचा डावा पाय

अमरावती,
शनिवार, दुपार

प्रिय रागिणी,

‘विहीणबाई’ असं लिहायला हात धजेना, म्हणून जुन्याच नावाने सुरुवात केली. साखरपुडा झाल्यापासून तू मला फोनवर ‘इहीनबाई’ म्हणतेस आणि वर स्वतःच खो खो हसतेस. परवा मात्र हसली नाहीस. “गीते, आमचं काई चुकलं काय वं?” असं शेवटी विचारलंस. मी ‘कुकर लावलाय’ सांगून फोन ठेवून दिला. कुकर नव्हता लावला. मी ओट्याला टेकून तशीच उभी राहिले होते. मोबाइलवरच लिहिलं असतं, पण तुझा मोबाइल घरात सगळ्यांच्या हातात असतो आणि तुझी लेक आचल तुझे मेसेज तुझ्याआधी वाचते. हे तिच्याआधी तू वाचावंस असं वाटतं. तेव्हा दार लावून बस.

कुंदनच्या लग्नात वरमाईचे पाय धुवायचे ठेवू नका, हा निरोप खुशालरावांकडून मीच पाठवला होता. सोयरीक त्यांनी जमवली, तेव्हा निरोपही त्यांनीच न्यावा असं वाटलं. हीच माझी अक्कल. त्यांनी तो अकोल्याला तुमच्या फुलांच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, खणखणीत आवाजात सांगितला असणार. वरमाय पाय धुवू नका म्हणते याचा आपल्याकडे एकच अर्थ लागतो, वरमाय रुसली. पितळेची परात तिच्या मानाला कमी पडली. मला हे सुचायला हवं होतं, आपण दोघींनी काय कमी वरमाया रुसलेल्या पाहिल्यात? पण माझं डोकं भलतीकडेच होतं. आणि काल खुशालराव आले ते हसतच आले. “वहिनी, काम झालं पाहा. तुमचे व्याही वामनराव चांदीची परात पाहून राहिले.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना चहासुद्धा विचारला नाही मी.

रागिणी, मला चांदीची परात नको गं. पितळेची नको, स्टीलचीही नको. मला परातीत पाय घालायचाच नव्हता. का नाही, ते सांगायला तोंड नव्हतं, म्हणून असला अर्धवट निरोप पाठवला आणि तुमच्या घराला घोर लावला.

साखरपुड्याला इतक्या वर्षांनी तू मला पाहिलंस आणि मिठी मारून ओरडलीस, “अर्धी कुठी ठेवून आली वं?” सगळ्या बाया जमल्या. काय केलं, काय खाते, कोणता व्यायाम करते. आणि मी, खोटं सांगायला जराही न अडखळता, म्हणाले, मेथीचं पाणी. मागे तू फोनवर सांगितलंस की तेव्हापासून रोज उपाशीपोटी मेथीचं पाणी पितेस आणि कमरेवर काडीचाही फरक नाही. ते आजपासून बंद कर. मेथीने काही होत नाही. मी नागपूरला जाऊन ऑपरेशन करून घेतलं, दोन वर्षं झाली. जठर कापून लहान केलंय माझं. अर्धी वाटी वरणभात खाल्ला की पोट गच्च होतं, गोड खाल्लं तर घाम फुटतो. केस गेले ते पुन्हा तेवढे आले नाहीत. तुझ्या घरच्या पुरणपोळीचा तुकडा मी ताटाखाली लपवला, तो त्यामुळे. ऑपरेशनचं सांगायची लाज वाटली. आयतं बारीक होऊन आली असं म्हणाल, असं वाटलं.

पण ती लाज लहान. मोठी लाज माझ्या डाव्या पायाची.

धाकट्या रोहितच्या वेळी घोट्याशी सूज आली. आम्ही तेव्हा बडनेऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये होतो. बाळंतपणाची सूज आहे, उतरेल, असं सगळे म्हणाले. ती उतरली नाही, वर चढत गेली. मधूनच पाय लालभडक व्हायचा आणि थंडी वाजून ताप भरायचा. डॉक्टर त्याला लिम्फेडेमा म्हणतात. अंगातलं पाणी परत वाहून नेणाऱ्या बारीक वाटा असतात, त्या माझ्या त्या पायात धड नाहीत. मग ते पाणी तिथेच साचतं आणि पाय जड होत जातो. पाय जड म्हणून चालणं बंद, चालणं बंद म्हणून वजन, वजनामुळे पाय आणखी जड. लोकांना एवढं कोण समजावणार? त्यांनी आपलं ‘हत्तीपाय’ नाव ठेवलं. रक्त तपासून झालंय रागिणी, तो रोग नाही. डासाचा नाही, कुणाला लागत नाही. तरी शेजारच्या माणिकबाईकडे हळदीकुंकवाला जाऊन आले आणि संध्याकाळी पाहते तर मी बसले होते तेवढी एकच सतरंजी धुऊन तिच्या कठड्यावर वाळत घातलेली. तेव्हापासून मी कुणाच्या घरी खाली बसत नाही.

वजन कमी करा, पाय आपोआप उतरेल, असं ज्याने त्याने सांगितलं. एका डॉक्टरीणबाईंनी मात्र ऑपरेशनच्या आधी समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं की वजन जाईल, पायालाही आराम पडेल, पण पाय पहिल्यासारखा होईल असं धरून चालू नका. मी पहिलं तेवढं ऐकलं. पुढचं कानाआड केलं. आराम पडला, खोटं कशाला बोलू? ताप येणं थांबलं. बडनेरा स्टेशनचा पूल आता मी कठडा न धरता चढते. पण बाकी सगळी मी आटले आणि डावा पाय राहिला. पूर्वी त्याच्याकडे कुणी बघत नसे, कारण सगळीच मी मोठी होते. आता बारीक बाईला हा असा पाय, गुडघ्याखाली फुगलेला, कातडी जाड झालेली, जणू दुसऱ्या कुणाचा आणून लावला. न्हाणीघरात मी त्याच्याकडे बघत नाही. ज्या अंगाने मला चालतं केलं त्याची मला किळस येते, आणि किळस येते म्हणून पुन्हा लाज वाटते. देवाने एवढं दिलं तरी हिचं रडणं संपत नाही, असं मीच मला म्हणते.

रोज सकाळी तो धुवायचा, पुसायचा, मलम लावायचं आणि बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळायच्या. ते काम कुंदनचे बाबा करतात. रिटायर झाले तरी हात रेल्वेचाच, नळाची गळती बांधावी तसे बांधतात, पण बांधतात चांगलं. डाव्या पायात त्यांचीच चप्पल घालते मी. साखरपुड्याला ती गाडीतच काढून, साडी पायघोळ सोडून अनवाणी उतरले, तर तुझ्या जाऊबाई म्हणाल्या, केवढी साधी बाई! पट्ट्या धुऊन गच्चीवर वाळत घालते. कुणी विचारलं तर सांगते, साडीचे फॉल आहेत. संक्रांतीला आचल आली होती ना, तिने त्या दोरीवरून उतरवल्या. “आई, इतके फॉल कायले लागते तुमाले?” मी म्हटलं, शेजारणीचे आहेत. पोरीने बसून एकेक पट्टीची नीट चौकोनी घडी घातली. त्या घडी घालायच्या नसतात गं, गुंडाळायच्या असतात. ती गेल्यावर मी त्या घड्या मोडत बसले. माझ्या घरात येणारी मुलगी, आणि तिच्याशी माझं पहिलं बोलणं खोटं.

कुंदनचे बाबा म्हणाले, सांगून देऊ, वरमाईले ताप आला. म्हणजे मुलगा मांडवात आणि मी खोलीत पांघरूण घेऊन पडायचं. कुंदन चिडला. “आई, लपवून काऊन राहिली? सांग ना त्यायले.” मी त्याच्यावर ओरडले, तुझं लग्न मोडलं तर? तो उठून गेला. ती भीती मात्र खरी आहे. पाय पाहिला तर तुझ्या घरचे म्हणतील, या घरात रोग आहे, पोरगी कशी द्यायची?

आणि मला आठवत राहतं ते हिवरखेड. तुमच्या झेंडूच्या मळ्यात फुलं तोडून झाली की आपण हौदात पाय सोडून बसायचो. नागपंचमीला तू माझ्या पायांवर मेंदी काढायचीस. माझे पाय गावात सगळ्यांत देखणे, असं तूच म्हणायचीस आणि मला ते खरं वाटायचं. तू मान खाली घालून, जीभ दातांत धरून काढायचीस, वर म्हणून बघायची नाहीस. मला गुदगुल्या व्हायच्या. “हालू नको वं गीते!” म्हणून पोटरीवर चापट मारायचीस. तरी मी हलायचेच, आणि दर वर्षी डाव्या पायाची मेंदी फिसकटायची. परवा त्याच फोनवर आधी तू विचारलंस, तुझ्या जोडव्यांचं माप काय पाठवू सोनाराकडे? तेव्हा मला खरा हुंदका आला. माझ्या डाव्या पायात जोडवं नाही, रागिणी. बोट सुजून ते रुतलं होतं, जोडवंच कापून काढावं लागलं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. लिहायला बसले तेव्हा पाय धुण्यातून सुटका हवी होती. पण लोभी विहीण म्हणून तुझ्या मनात राहण्यापेक्षा ह्या पायाची विहीण म्हणून राहिलेली बरी. वाचून आचलला आमच्या घरी द्यायचं नाही असं वाटलं, तर खुशालरावांच्या तोंडी निरोप नको, तू स्वतः फोन कर. मी कुकरचं कारण सांगणार नाही. आणि द्यायचं ठरलं, तर माझे पाय तू धू. मांडवात की आतल्या खोलीत, ते तूच ठरव, मला ठरवता येत नाही. परात तुझी नेहमीची पितळेचीच आण, मोठी. पाणी कोमट ठेव, गरम नको. डावा पाय जोरात चोळू नकोस. बोटांच्या बेचक्यांत पाणी राहू देऊ नकोस, मऊ फडक्याने हळूच टिपून घे, तिथे ओल राहिली तर थांबलेला ताप पुन्हा येईल. हळदीकुंकू वरच्या वर लाव. जोडवं उजव्याच पायाचं कर. आणि हे सगळं करताना माझ्या तोंडाकडे बघू नकोस, मेंदी काढताना घालायचीस तशी मान खाली घाल. ह्या वेळी मी हलणार नाही.

तुझीच, हिवरखेडची,
गीतांजली